समान तुकडे आणि त्यांचे पत्ते : चित्र कापण्याचा एक इतिहास

छायाचित्र-संपादनाच्या संगणकीय आज्ञावलीत एखादे चित्र समान तुकड्यांत कापणे ही आज काही क्षणांची क्रिया आहे. आडवे किती भाग आणि उभे किती भाग, एवढे दोन आकडे द्यायचे. पडद्यावर रेषांची जाळी उमटते आणि पुढच्या आज्ञेसरशी प्रत्येक खण वेगळी फाइल म्हणून साठवला जातो. रेषा कशावरून जाते आहे याचे त्या आज्ञावलीला सोयरसुतक नसते. ती डोळ्याच्या बाहुलीतून जाईल, नदीच्या पात्रातून जाईल, एखाद्या पाटीवरच्या अक्षराची वेलांटी तोडून जाईल. चित्रात काय आहे हे न पाहता चित्राचे भाग पाडता येणे, हे या क्रियेचे वैशिष्ट्य आहे आणि सामर्थ्यही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. वृत्तबद्ध ओळीचे गण पाडताना आपण असेच काहीतरी करत असतो. शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांचे म, स, ज, स, त, त असे तीन-तीन अक्षरांचे सहा गण आणि उरलेले एक गुरू अक्षर, ही विभागणी शब्द कोठे संपतो याची पर्वा करत नाही. एका शब्दाचे पहिले अक्षर एका गणात आणि उरलेली दोन पुढच्या गणात गेली, तरी लगक्रम जुळला म्हणजे झाले. यतीचे तसे नाही. बाराव्या अक्षरानंतरचा यती शब्दाच्या मधोमध आला, तर तो यतिभंगाचा दोष ठरतो. एकाच ओळीवर दोन विभागण्या एकत्र नांदत असतात : एक केवळ मोजमापाची, दुसरी शब्दाचा मान राखणारी.

चित्रांच्या इतिहासातही या दोन विभागण्या दिसतात. त्यांपैकी पहिलीचा, म्हणजे अर्थाकडे न पाहता समान तुकडे पाडण्याचा, मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. असा मागोवा घेताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. अर्थ न पाहता कापलेल्या तुकड्याला स्वतःचा असा अर्थ फारसा उरत नाही. मूळ चित्रातले त्याचे स्थान, म्हणजे त्याचा पत्ता, हाच त्याचा अर्थ होऊन बसतो. मग हा पत्ता कोणाजवळ असतो? कापणाऱ्याजवळ, तुकड्यावर राबणाऱ्याजवळ, की तुकडे पुन्हा जोडणाऱ्याजवळ?

१.

समान चौकोनांची जाळी चित्रकलेत फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लाल रंगात भिजवलेली दोरी भिंतीवर ताणून तिचा ठसा उमटवीत आणि अशा रेषांच्या चौकोनांत मनुष्याकृती बसवीत. अर्धवट राहिलेल्या थडग्यांच्या भिंतींवर या रेषा आजही दिसतात. उभ्या आकृतीच्या तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन हे प्रमाण तेथे दीर्घकाळ चालले; पुढे सव्विसाव्या राजवंशाच्या सुमारास तळपायापासून वरच्या पापणीपर्यंत २१ चौकोन असे नवे प्रमाण आले. या जाळीत चौकोन समान असले तरी त्यांची कामे ठरलेली होती. गुडघा कोणत्या रेषेवर, खांदा कोणत्या रेषेवर, हे परंपरेने निश्चित केलेले होते. जाळी होती ती आकृती घडवण्यासाठी, आधीच तयार असलेली आकृती कापण्यासाठी नव्हे.

आपल्याकडच्या वास्तुपुरुषमंडलातही हेच दिसते. ६४ किंवा ८१ पदांचा हा चौरस मोजमापाने काटेकोर समान आहे. पण ८१ पदांच्या मंडलात मधली नऊ पदे एकट्या ब्रह्म्याची असतात आणि कडेच्या पदांवर इतर देवतांची स्थापना असते. पदे आकाराने समान, पण मानाने समान नाहीत. मूर्तिशास्त्रातील तालमान तर आणखी वेगळ्या वाटेने जाते. तेथे मोजण्याचे एकक म्हणजे मूर्तीच्याच मुखाची लांबी. नवताल मूर्ती म्हणजे नऊ मुखांएवढी उंच मूर्ती. माप बाहेरून लादलेले नाही, ते आकृतीच्या अंगातूनच निघालेले आहे. जुन्या परंपरांमध्ये समान विभागणी होती, परंतु ती अर्थाला धरून होती, एवढे येथे लक्षात घ्यावयाचे.

अर्थापासून सुटलेली जाळी स्पष्टपणे दिसू लागते ती पंधराव्या शतकातल्या इटलीत. लिओन बातिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्ये लिहिलेल्या चित्रकलेवरील ग्रंथात एका विरळ विणीच्या पडद्याचे वर्णन केले आहे. जाड धाग्यांनी चौकोन पाडलेला हा पडदा चित्रकाराने आपला डोळा आणि समोरची वस्तू यांच्यामध्ये धरायचा आणि ज्या चौकोनात जे दिसेल ते कागदावरच्या तशाच चौकोनात उतरवायचे. कपाळ एका पट्टीत, नाक दुसरीत, हनुवटी त्याखालच्या पट्टीत. चित्रकाराला आता 'चेहरा' काढायचा नसतो. एका चौकोनातली वक्ररेषा दुसऱ्या चौकोनात न्यायची असते. आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या भूमितीविषयक ग्रंथाच्या १५३८ च्या, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच्या आवृत्तीत एक प्रसिद्ध काष्ठचित्र आहे. त्यात चित्रकार जाळीच्या एका बाजूला बसला आहे आणि दुसऱ्या बाजूला एक स्त्री पहुडली आहे. त्याच्यापुढच्या कागदावरही तशीच चौकोनांची आखणी आहे. एक सजीव देह आणि तो पाहणारा माणूस यांच्यामध्ये जाळी आली की पाहण्याचा स्वभावच पालटतो, हे त्या चित्राइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसत असेल. तरीही एक गोष्ट अद्याप पालटलेली नव्हती : सगळे चौकोन एकाच माणसाच्या हाती होते. कापणारा, भरणारा आणि जोडणारा एकच होता.

२.

ही एकता मोडली एकोणिसाव्या शतकातल्या छापखान्यात. १८४२ मध्ये लंडनला 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक सुरू झाले. त्यातली चित्रे बॉक्सवुड नावाच्या अतिशय कठीण लाकडावर कोरली जात. या झाडाचा बुंधा फार रुंद नसतो आणि कोरण्यासाठी तर त्याचा आडवा छेदच लागतो. त्यामुळे मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे एकमेकांना जोडून मोठा ठोकळा तयार करावा लागे. प्रथम हे ठोकळे चिकटवीत. पुढे ते मागून खिळीने आवळण्याची आणि हवे तेव्हा सुटे करण्याची युक्ती निघाली, आणि या साध्या कारागिरीने चित्र तयार करण्याची सबंध रीतच बदलली.

आता चित्रकार अखंड ठोकळ्यावर चित्र रेखाटी. मग खिळी सैल करून ठोकळे सुटे केले जात आणि वेगवेगळ्या कोरक्यांना वाटले जात. एकाच्या वाट्याला आभाळाचा तुकडा येई, दुसऱ्याच्या वाट्याला घोड्याचे मागचे पाय आणि धुरळा. सगळे एकाच वेळी, गरज पडल्यास रात्रभर, कोरत बसत. एका माणसाला जे काम करायला आठवडे लागले असते, ते अनेकांच्या हातून साप्ताहिकाच्या मुदतीत पुरे होई. वाटणीपूर्वी एक मुख्य कोरक्या सांध्यांवरून जाणाऱ्या रेषा थोड्याथोड्या कोरून ठेवी, म्हणजे दोन वेगळ्या हातांचे काम सांध्यावर जुळे. एवढी काळजी घेऊनही ठोकळे पुन्हा आवळल्यावर कोठेतरी बारीक फट राही आणि छापल्यावर तेथे पांढरी रेषा उमटे. त्या काळातले मोठे काष्ठचित्र नीट न्याहाळले तर या रेषा अजूनही सापडतात.

त्या पांढऱ्या रेषेत श्रमाचा एक इतिहास दडलेला आहे. ठोकळ्यावर काम करणाऱ्याला संपूर्ण चित्र आपल्या हातून घडल्याचे समाधान मिळण्याची सोय नव्हती. चित्राच्या कोपऱ्यात सही असली तर चित्रकाराची किंवा कोरकामाच्या कारखान्याच्या मालकाची असे. तुकडा ज्याच्या हाती, त्याच्या हाती पत्ता नव्हता; पत्ते मुख्य कोरक्याजवळ आणि त्याच्याही वर संपादकाजवळ होते. १८५७ च्या उठावाची चित्रे इंग्लंडच्या वाचकांनी याच साप्ताहिकात पाहिली. हिंदुस्थानातून गेलेल्या रेखाटनांवरून व छायाचित्रांवरून लंडनमध्ये चित्रे तयार होत आणि दिल्ली, लखनौ कधी न पाहिलेले कोरके ती कोरत. ज्या प्रतिमांनी एका पिढीचे हिंदुस्थानविषयीचे मत घडवले, त्या अशा वाटून दिलेल्या तुकड्यांतून जुळवलेल्या होत्या. १८८० नंतर छायाचित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीतून थेट छापण्याचे तंत्र आले आणि कोरक्यांचा हा व्यवसाय काही दशकांत मावळला. तुकडे पाडणे मात्र थांबले नाही. ते माणसाच्या हातून यंत्राच्या जाळीकडे गेले.

३.

चित्राप्रमाणेच भूमीचेही समान तुकडे पाडले गेले. महाराष्ट्रात भूमी विभागण्याच्या दोन रीती शेजारी-शेजारी नांदतात, म्हणून हे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी सुरू केली. त्या मोजणीतले सर्व्हे नंबर आकाराने समान नव्हते. बांध, ओढा, वाट, मातीचा पोत आणि एका बैलजोडीला कसता येईल एवढे क्षेत्र, यांचा विचार त्यात होता. गावच्या नकाशावरचे हे वेडेवाकडे आकार शेतकऱ्याला ओळखता येतात, कारण ते त्याच्या पायाखालचे आहेत.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे दुसऱ्या रीतीचे आहेत. प्रथम चार अंश अक्षांश आणि चार अंश रेखांश यांचा एक मोठा चौकोन घेऊन त्याला क्रमांक दिला जातो. त्याचे एकेका अंशाचे १६ भाग पाडून त्यांना ए ते पी ही रोमन अक्षरे दिली जातात, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ भाग. पुण्याचा शनिवारवाडा ४७ एफ/१४ या पत्रकावर येतो. याच पत्रकाच्या दक्षिण कडेवरून साडेअठरा अंशांचे अक्षवृत्त जाते आणि ते पुणे शहर कापीत जाते. कात्रज त्यामुळे ४७ एफ/१५ वर जाऊन पडते. शहर एक, पत्रके दोन. पुण्याविषयी या विभागणीला काहीच ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची तिला गरजही नाही. 'समान' या शब्दाचीही येथे गंमत आहे. पत्रके अंशांत समान आहेत, जमिनीवर नाहीत. रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येत जात असल्यामुळे कन्याकुमारीजवळ सुमारे २७.५ किलोमीटर रुंदीचा प्रदेश दाखवणारे पत्रक श्रीनगरजवळ सुमारे २३ किलोमीटरच दाखवते. समानता कशात मोजायची हे आधी कोणीतरी ठरवलेले असते.

येथेही पत्त्याचा प्रश्न उपस्थित होतोच. स्वातंत्र्योत्तर काळात संरक्षणाच्या कारणावरून सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्यातली पत्रके सर्वसामान्यांना सहज मिळत नसत. म्हणजे कोकणाचा बहुतेक भाग या निर्बंधात मोडत होता. एखाद्या अभ्यासकाला सह्याद्रीच्या माथ्यावरची पत्रके जोडता येत. पण घाट उतरून खाली बंदराकडे जाताच जाळीतले चौकोन रिकामे राहात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी नकाशांची वेगळी मालिका आणली आणि २०२१ मध्ये हे निर्बंध बरेच सैल करण्यात आले. समान तुकड्यांची रचना मुळात न्याय्य दिसते. परंतु कोणता तुकडा कोणाला द्यायचा, हा निर्णय त्या जाळीच्या बाहेर होतो.

४.

संगणकाने या इतिहासात नवे काय आणले? तुकडा डोळ्यांना दिसेनासा होईपर्यंत लहान केला, एवढेच प्रथमदर्शनी म्हणता येईल. १९५७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र फिरत्या नळकांड्यावर लावून संगणकात उतरवले. किर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे ते छायाचित्र. त्याचे आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे एकूण ३०,९७६ समान चौकोन पाडले होते. आज ज्याला आपण पिक्सेल म्हणतो त्याचा हा आरंभ. एका बाळाचा चेहरा प्रथमच अशा रीतीने आकड्यांत मांडला गेला. याच किर्श यांनी उतारवयात, २०१० च्या सुमारास, पिक्सेल चौकोनीच ठेवण्याच्या आपल्या त्या निवडीविषयी खेद व्यक्त केला आणि चित्रातल्या रेषांच्या कलाने आकार बदलणाऱ्या तुकड्यांची एक रीत सुचवली. यतीला मान देणारी विभागणी गणविभागणीच्या शेजारी आणण्याचाच तो प्रयत्न म्हटला पाहिजे. ती रीत रूढ झाली नाही. समान चौकोन गणिताला सोपे पडतात आणि सोपेपणापुढे औचित्याचा पाड लागत नाही.

पुढचा टप्पा चित्रे आटवून साठवण्याचा. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीत चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे खण पाडतात आणि प्रत्येक खणातला तपशील स्वतंत्रपणे आटवतात. यामागचे गणित बंगळूरमध्ये जन्मलेल्या नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले होते. चित्र फार आटवले की हे खण उघडे पडतात. गालावर, आभाळावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. लंडनच्या कोरक्यांच्या सांध्यातली पांढरी रेषा शंभर वर्षांनी पुन्हा उमटावी, असाच हा प्रकार. सांधा लपवण्याची कला कितीही सुधारली, तरी ताण पडताच तो बोलू लागतो.

ज्या संपादन-आज्ञावलीपासून आपण सुरुवात केली, तिचा जन्म १९८७ चा. टॉमस नोल आणि जॉन नोल या बंधूंनी तयार केलेली ही आज्ञावली १९९० मध्ये 'फोटोशॉप' या नावाने बाजारात आली. चित्राचे तुकडे कापण्याचे खास अवजार तिच्याबरोबर मिळू लागले ते १९९९ मध्ये. कारण व्यावहारिक होते. टेलिफोनच्या तारेवरून येणारे मोठे चित्र पडद्यावर उमटायला फार वेळ लागे. म्हणून चित्र कापून तुकडे वेगवेगळे पाठवायचे आणि वाचकाच्या पडद्यावर एका अदृश्य तक्त्यात पुन्हा जुळवायचे. आज्ञावली तुकड्यांना वरच्या डाव्या कोपऱ्यापासून क्रमाने आकडे देई आणि जोडणीचा तक्ताही स्वतःच लिहून देई. एखादा तुकडा वाटेत अडकला, तर तेवढी चौकट रिकामी राही.

मराठीच्या दृष्टीने हा काळ विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. देवनागरीसाठी युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी वाचकाच्या संगणकावर योग्य टंक असेलच याची खात्री नसे. म्हणून मथळे आणि कधी-कधी मजकूरसुद्धा चित्र म्हणूनच टाकला जाई. अक्षरे डोळ्यांना दिसत, पण यंत्राच्या लेखी ती अक्षरे नव्हती. शोध घेतला तर सापडत नसत, उतरवून घेता येत नसत. भाषा चित्रात कोंडली गेली की तिचा शब्दांचा पत्ता पुसला जातो. त्या वर्षांतला जो मजकूर पुढे युनिकोडमध्ये आला नाही, तो वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला आज शोधूनही मिळणे कठीण आहे.

तुकडे जोडण्याचा अधिकार परक्या हाती असला म्हणजे काय होते, याचे ताजे उदाहरण इन्स्टाग्रामचे. तेथे व्यक्तीच्या पानावर चित्रे तीन-तीनच्या ओळींत दिसतात, म्हणून अनेकांनी एकच चित्र नऊ समान चौकोनांत कापून, शेवटचा तुकडा आधी अशा उलट क्रमाने टाकून, अखंड भित्तिचित्रासारखी मांडणी केली होती. २०२५ च्या जानेवारीत त्या कंपनीने चौरस चौकटी बदलून उभ्या आयताकृती केल्या, आणि काळजीपूर्वक जुळवलेली कित्येक चित्रे सांध्यांवर विसकटली. तुकडे ज्याचे त्याचे होते. भिंत दुसऱ्याची होती.

५.

या इतिहासाचा अगदी अलीकडचा टप्पा साहित्याच्या अभ्यासकाला थेट आपल्या अंगणात आणून सोडतो. २०२० मध्ये गूगलच्या संशोधकांनी चित्र ओळखण्याची एक पद्धत मांडली. तीत चित्राचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे समान तुकडे पाडतात आणि ते वाक्यातल्या शब्दांसारखे एका ओळीत मांडून यंत्राला देतात. २२४ गुणिले २२४ पिक्सेलच्या चित्राचे असे १९६ 'शब्द' होतात. मूळ पद्धत भाषांतरासाठी घडवलेली. तीच आता चित्राला लावली गेली. हे 'शब्द' देताना प्रत्येकाबरोबर त्याच्या स्थानाची खूण जोडावी लागते, कारण ती नसेल तर कोणता तुकडा कोठला हे यंत्राला कळण्याचा मार्ग उरत नाही. सुट्या पानांच्या पोथीत पत्रांकाचे जे महत्त्व, तेच येथे या खुणेचे. पत्रांक पुसलेली पोथी हातात असूनही वाचता येत नाही.

चित्राचे 'वाचन' हा आपल्या समीक्षेत इतके दिवस लाक्षणिक शब्दप्रयोग होता. आता त्याला वाच्यार्थ येऊ पाहतो आहे. तो येत असताना आपल्या विद्येने सावधपणे एक प्रश्न विचारत राहिले पाहिजे. गण पाडून वृत्त ओळखता येते, पण कविता कळायला यती कोठे आहे, शब्द कोठे संपतो आणि श्वास कोठे घ्यावा लागतो, हे पाहावे लागते. समान तुकडे पाडण्याची क्रिया निषिद्ध नाही. तिच्यावाचून सचित्र साप्ताहिक निघाले नसते, नकाशे झाले नसते, आणि आज ही ओळ पडद्यावर दिसलीही नसती. परंतु त्या क्रियेत अर्थ बाजूला ठेवण्याचा एक करार असतो. तो करार कोणी केला, तुकड्यांवर कोण राबले आणि पत्ते कोणी सांभाळले, हे शोधणे इतिहासाचे काम आहे. कापलेल्या चित्राकडे पाहताना चित्राबरोबर सांध्यांकडेही पाहण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावली, तर लंडनच्या कारखान्यात रात्रभर घोड्याचे मागचे पाय कोरणाऱ्या त्या निनावी माणसाची दखल निदान वाचनात तरी घेतली जाईल.